बाबांच्या रिपोर्टमधला क्रोमोसोम आणि तुझं ठरलेलं लग्न

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदललेत): डोंबिवलीची २८ वर्षांची मुलगी, नोकरी लोअर परळला. साखरपुडा झालाय, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त आहे. वडील साठीचे, बेस्टमधून रिटायर. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी साधी सीबीसी केली तर व्हाइट काउंट १ लाख ४० हजार. पुढे बोन मॅरो झाली, सीएमएल (ब्लड कॅन्सरचा एक प्रकार) निघाला, रिपोर्टवर लिहिलंय फिलाडेल्फिया क्रोमोसोम पॉझिटिव्ह. इमॅटिनिबची गोळी सुरू होऊन दोन महिने झाले. सख्ख्या काकांना काही वर्षांपूर्वी लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) झाला होता आणि त्यांच्याही रिपोर्टमध्ये क्रोमोसोमचं काहीतरी होतं, १४ आणि १८ नंबरचं. आता घरात एकच चर्चा, की हे आपल्या घराण्यातच आहे. आत्या म्हणते दोन्ही मुलींची टेस्ट करा, काका म्हणतात सासरच्यांना एक शब्द सांगू नका, आई मोबाइल टॉवरला दोष देते. मुलगी विचारते, मी टेस्ट करू का, होणाऱ्या नवऱ्याला सांगू का, आणि माझ्या मुलांना हे होईल का. आणि पत्राच्या तळाशी जाता जाता लिहिलेलं एक वाक्य, की गोळीने बाबांचे डोळे सुजतात म्हणून लग्नाआधीचे पंधरा दिवस ते गोळी बंद ठेवणार आहेत, फोटो नीट यावेत म्हणून, आणि तेव्हाच येणारी पुढची रक्ततपासणी पण लग्नानंतर करू म्हणतात.

अगं, तुझे तीन मोठे प्रश्न वाचून मला एवढं काही वाटलं नाही पण त्या शेवटच्या वाक्याला मात्र पोटात गोळा आला. त्याच्यावर येणारच आहे मी, आणि चांगली लांबलचक येणार आहे, पण तुझी झोप ज्याने उडालीये ते आधी उरकू, नाहीतर तुझं पुढच्या वाचण्यात लक्षच लागायचं नाही.

तुमच्या घरात सगळ्यांनी एक गोष्ट न विचारता धरून चाललीये, की रिपोर्टमध्ये क्रोमोसोम असं आलं म्हणजे ते आईबापाकडून आलं आणि पुढे पोराबाळांकडे जाणार. शाळेत आपण क्रोमोसोम शिकलो ते आनुवंशिकतेच्याच धड्यात ना, मुलगा होणार की मुलगी, त्यामुळे डोक्यात तेच बसलंय. पण असं बघ, बिल्डिंगचा एक मंजूर प्लॅन असतो, सगळे फ्लॅट त्याच प्लॅनवर बांधलेले, आणि मग तिसऱ्या मजल्यावरच्या एका माणसाने स्वतःच्या फ्लॅटमध्ये भिंत पाडली. त्रास अख्ख्या बिल्डिंगला होऊ शकतो, पण म्हणून प्लॅन बदलला का? नाही. बाबांचं तेच झालंय. त्यांच्या जन्माच्या वेळचे क्रोमोसोम व्यवस्थित होते, कधीतरी मोठेपणी बोन मॅरोमधल्या रक्त बनवणाऱ्या एका पेशीत गडबड झाली आणि त्या एकाच पेशीची पिलावळ वाढत गेली. गडबड रक्ताच्या पेशींत आहे, ज्या पेशींतून मुलं होतात त्यांच्यात नाही. तू तर त्याच्या कितीतरी आधी जन्मलीस. तेव्हा तुझ्यात ती आलेली नाही, आणि जे तुझ्याकडे नाहीच ते तुझ्या मुलांकडे जाईल कुठून.

आता बाबांची गडबड नेमकी काय ते पण समजून घे, कारण ते कळलं की भीती बरीच उतरते. ९ नंबर आणि २२ नंबर क्रोमोसोमचा एकेक तुकडा तुटला आणि एकमेकांच्या जागी जाऊन चिकटला. रिपोर्टवर टी लिहून कंसात ९ आणि २२ असेल बघ, तो टी म्हणजे ट्रान्सलोकेशन, अदलाबदल. त्यामुळे २२ नंबर आखूड दिसतो. तो आखूड क्रोमोसोम पहिल्यांदा दिसला १९६० साली, फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना, नाव त्या शहरावरून पडलंय, बाकी बाबांचा फिलाडेल्फियाशी काही संबंध नाही. तेव्हा वाटलं होतं तुकडा हरवलाय. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट रावली यांनी दाखवलं की हरवलेला नाही, ९ नंबरवर जाऊन बसलाय, आणि हे त्यांनी घरच्या डायनिंग टेबलवर क्रोमोसोमचे फोटो कात्रीने कापून जुळवत बसून शोधलं (त्यांची मुलं चेष्टा करायची म्हणे, आई कागदाच्या बाहुल्या खेळतेय). तर त्या चिकटण्याने बीसीआर आणि एबीएल असे दोन जीन एकमेकांना जोडले जातात, त्यातून एक प्रोटीन बनतं जे पेशीला वाढ, वाढ असं सांगत राहतं, थांबतच नाही. म्हणून तो १ लाख ४० हजारचा काउंट. आणि बाबा घेतात ती गोळी नेमकी त्या प्रोटीनला जाऊन बसते आणि त्याचं काम बंद पाडते. म्हणजे ज्या शब्दाने तुमच्या घरात रडारड झाली, फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह, तो आहे म्हणून तर ही गोळी लागू पडते. सीएमएलमध्ये ते पॉझिटिव्ह असणं हाच मुळात तो आजार असल्याचा पुरावा असतो, जास्त वाईट प्रकारचा आहे असा त्याचा अर्थ नाही.

काकांचं प्रकरण पूर्ण वेगळं. १४ आणि १८ म्हणजे फॉलिक्युलर लिम्फोमा असणार, त्यात बहुतेकांना, साधारण ८५ टक्के पेशंटना, हीच अदलाबदल सापडते. आपल्या बी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, अँटिबॉडी बनवायला शिकताना स्वतःच्याच डीएनएची काटछाट करून परत जोडतात, रोजचं काम आहे त्यांचं ते, त्यात कधीतरी जोड चुकीच्या ठिकाणी बसते आणि बीसीएल-२ नावाचा जीन सतत चालू राहतो, मग ज्या पेशीने वेळेवर मरायला हवं ती मरतच नाही. आजार वेगळा, पेशी वेगळी, क्रोमोसोम वेगळे. दोन भावांच्या दोन रिपोर्टमध्ये एकच शब्द आला एवढंच साम्य आहे. जवळपास प्रत्येक ब्लड कॅन्सरच्या पेशंटचा हा तपास होतो आणि बऱ्याच जणांच्या रिपोर्टमध्ये काही ना काही निघतंच, त्यामुळे रिपोर्टमध्ये तो शब्द दिसला यावरून घराण्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आता पूर्ण खरं सांगायचं तर लिम्फोमाच्या बाबतीत पेशंटच्या आईवडील-भावंडं-मुलांना धोका इतरांपेक्षा थोडा जास्त दिसतो, हे आहे. पण मुळात आजारच दुर्मिळ असल्यामुळे थोडा जास्त झाला तरी तो कमीच राहतो, त्यासाठी कुठली तपासणी करत बसायला सांगत नाहीत. सीएमएलमध्ये तर तसं घराण्यात चालत आलेलं दिसतच नाही. आणि आईला सांग की टॉवर नको धरून बसू. खूप मोठ्या डोसच्या रेडिएशनने ल्युकेमिया (बाबांच्या आजारासारखा रक्ताचा कॅन्सर) वाढतो हे हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्या लोकांमध्ये दिसलं, पण ते रेडिएशन डीएनए तोडणारं, मोबाइलच्या लहरींमध्ये ती ताकद नसते. बहुतेक सीएमएल पेशंटमध्ये कारण सापडतच नाही. आईला ते पचायला जड जाईल, कुणाला तरी दोष देता आला की बरं वाटतं ना माणसाला.

टेस्टचं काय? नको करू. आत्याचा हेतू चांगला असेल पण तू आणि बहिणीने कॅरियोटाइप (क्रोमोसोम मोजून-तपासून बघण्याची टेस्ट) केला तर काही हजार रुपये जातील आणि रिपोर्ट येईल ४६, एक्सएक्स, नॉर्मल, आणि त्यावरून पुढे ल्युकेमिया होईल की नाही हे कळणारच नाही. उलट त्याहून बारीक पीसीआर (एखाद-दुसरी बदललेली पेशीही पकडणारी टेस्ट) केलीत तर डोक्याला नवीनच ताप होऊ शकतो, कारण ठणठणीत लोकांच्या रक्तातसुद्धा अशा अदलाबदल झालेल्या एखाद-दुसऱ्या पेशी सापडतात, काकांच्या प्रकारच्या आणि बाबांच्या प्रकारच्या पण, आणि त्यातल्या बहुतेकांना जन्मात आजार होत नाही. मग तो रिपोर्ट घेऊन तू कुठे कुठे फिरणार? आत्याच्या डोक्यात हे कुठून आलं असेल याचा मला अंदाज आहे. तू लिहिलंयस की त्यांच्या शेजारच्या घरात ब्लड कॅन्सर झाला तेव्हा सगळ्या भावंडांची टेस्ट घेतली होती. ती बहुतेक एचएलए मॅचिंगची असणार, बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी कोण डोनर होऊ शकतं ते बघायला, आजार कोणाकोणात आहे ते बघायला नव्हे. मी लॅबमध्ये काम करायचे तेव्हा हा गोंधळ सारखा बघायचे, भावंडं रिपोर्ट हातात घेऊन घाबऱ्या आवाजात विचारायची, मॅच झालं म्हणजे मला पण आहे का हो.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी इथे एक थांबा घेते, कारण प्रत्येक घरात उत्तर असंच नसतं. जन्मापासूनच सगळ्या पेशींत फरक असतो आणि त्यामुळे ल्युकेमियाचा धोका वाढतो असे काही प्रकार आहेत. डाउन सिंड्रोम, म्हणजे २१ नंबरचा क्रोमोसोम तीनदा असणं, हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं. फॅन्कोनी अ‍ॅनिमिया, टीपी-५३ जीनमधला घराण्यातून येणारा दोष, आरयूएनएक्स-१ चा दोष, हे त्याहून कमी. घरात दोन-तीन जवळच्या नातेवाइकांना ल्युकेमिया किंवा एमडीएस (बोन मॅरो नीट रक्त न बनवण्याचा आजार) झालाय, तोही तरुण वयात, किंवा लहानपणापासून कुणाच्या प्लेटलेट विनाकारण कमी आहेत, किंवा एकाच घरात कमी वयात वेगवेगळे कॅन्सर झालेत, तर हिमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांना, सरळ विचारा की आम्ही जेनेटिक काउन्सेलरला भेटावं का. ते आधी तीन पिढ्यांची माहिती विचारतील आणि मगच टेस्टचं ठरवतील. एका साठीच्या माणसाला सीएमएल आणि त्याच्या भावाला फॉलिक्युलर लिम्फोमा, हे चित्र त्यात बसत नाही.

आणि क्रोमोसोमचा रिपोर्ट मुळात करतात कशासाठी हे पण लोकांना कुणी सांगत नाही, फाइलमध्ये लावून देतात नुसता. आजाराचं नेमकं नाव, तो किती वेगाने जाईल आणि कुठलं औषध चालेल, या तिन्हीसाठी तो लागतो. अ‍ॅक्यूट ल्युकेमियात १५ आणि १७ ची अदलाबदल निघाली तर तो एपीएल नावाचा झपाट्याने वाढणारा प्रकार, त्यात सुरुवातीला रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो म्हणून नुसता संशय आला तरी डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता ए व्हिटॅमिनच्या जातीचं औषध, एटीआरए, सुरू करतात, आणि पुढे त्यासोबत आर्सेनिक (हो, तेच विष, मापात) दिलं की हा ल्युकेमियातला सगळ्यात जास्त बरा होणाऱ्यांपैकी एक आहे. लहान मुलांच्या एएलएल नावाच्या ल्युकेमियात १२ आणि २१ निघाले तर डॉक्टरांचा चेहरा खुलतो, तेच तान्ह्या बाळात ४ आणि ११ निघाले तर उपचार जास्त कडक करावे लागतात. बर्किट लिम्फोमात बहुतेक वेळा ८ आणि १४, भयंकर वेगाने वाढतो पण केमोला ऐकतोही चांगला. ११ आणि १४ असेल तर मॅन्टल सेल लिम्फोमा. सीएलएल नावाच्या ल्युकेमियात १३ नंबरचा फक्त एक छोटा तुकडा गेला असेल तर आजार बहुधा सावकाश चालतो, १७ नंबरचा गेला तर नेहमीची केमो नीट चालत नाही, तिथे नव्या गोळ्या लागतात. बाबांचाच फिलाडेल्फिया काही एएलएल पेशंटमध्ये पण असतो, तिथे केमोसोबत त्याच जातीची गोळी जोडतात. म्हणून गूगलवर नुसतं क्रोमोसोम अ‍ॅबनॉर्मलिटी टाकून वाचत बसू नका, नंबर कुठला आणि आजार कुठला हे दोन्ही माहीत नसेल तर जे वाचाल ते दुसऱ्याच कुणाबद्दलचं असेल.

आता बाबा.

इमॅटिनिबला अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळाली. त्याआधी या आजारात ट्रान्सप्लांट किंवा इंटरफेरॉनची इंजेक्शनं, आणि ज्यांना ते जमलं नाही त्यांचा आजार काही वर्षांत अ‍ॅक्यूट ल्युकेमियासारखा उसळायचा. आज ज्यांचा आजार गोळीला नीट दाद देतो त्यांचं आयुष्य जवळपास त्यांच्या वयाच्या इतर माणसांइतकंच असतं. ही गोळी आपल्याकडे इतक्या कमी किमतीत मिळते त्यामागे पण मोठी कोर्टाची लढाई आहे, १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला आणि आपल्या कंपन्यांची जेनेरिक औषधं चालू राहिली. एवढं सगळं होऊन गोळी बाबांच्या हातात आलीये, आणि ते ती फोटोसाठी बंद ठेवणार?

लंडनमध्ये एक अभ्यास झाला होता, त्यात पेशंट खरोखर किती गोळ्या घेतात ते मोजलं. ९० टक्क्यांपेक्षा जास्त गोळ्या घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचा आजार काही वर्षांत हवा तितका खाली आला, त्यापेक्षा कमी घेणाऱ्यांमध्ये तीनातल्या एकाचाही धड आला नाही. ९० टक्के म्हणजे महिन्याला फक्त तीन गोळ्या चुकायची मुभा, आणि बाबा सलग पंधरा म्हणतायत, तेही पहिल्या तीन महिन्यांत, जेव्हा औषध कसं लागू पडतंय हे ठरतं. तिसऱ्या महिन्याची बीसीआर-एबीएलची पीसीआर टेस्ट हीच सगळ्यात महत्त्वाची असते, आकडा १० टक्क्यांच्या खाली आला का ते बघतात, आणि गोळीचं एक वर्ष पूर्ण होईपर्यंत ०.१ टक्क्याच्या खाली यावा अशी अपेक्षा असते. त्या वेळी गोळ्या बुडाल्या असतील तर आकडा वर येईल, आणि डॉक्टरांना कळणार नाही की औषध चालत नाहीये की घेतलंच नाहीये. मग विनाकारण दुसऱ्या, महागड्या औषधाची चर्चा. तेव्हा टेस्टची तारीख हळद-मेंदीच्या मध्ये आली तरी चालेल, रक्त द्यायला कितीसा वेळ लागतो, सकाळच्या लोकलने जाऊन दुपारी घरी. आणि दर वेळी त्याच लॅबमध्ये करा, वेगवेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत कधीकधी.

डोळ्यांची सूज मात्र खरी आहे, बाबा नाटक करत नाहीयेत. इमॅटिनिबने डोळ्यांभोवती पाणी साठतं, सकाळी जास्त दिसतं, पायात गोळे येतात, मळमळतं. जेवणात वरून मीठ, लोणचं, पापड कमी करायचा, उशी थोडी उंच घ्यायची, गोळी भरल्या पोटी मोठा ग्लासभर पाण्यासोबत, जे दिवसातलं मोठं जेवण असेल त्याच्यानंतर. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर लघवी जास्त होण्याचं औषध देऊ शकतात किंवा दुसरा काही विचार करू शकतात, पण त्यासाठी त्यांना सूज येते हे कळायला तर हवं! आपली माणसं ओपीडीत गेली की डॉक्टर कसं काय विचारतात आणि हे म्हणतात सगळं ओके. या वेळी तू सोबत जा. आणि केळवणाच्या जेवणांमध्ये गोळी विसरायला होते, संकष्टीच्या उपासाला मुद्दाम टाळली जाते, तर उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीवर घ्यायची, देव रागावणार नाही. कुणी पुड्या-काढे आणून दिले तर आधी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाही, आणि ग्रेपफ्रूट बंद, त्याने रक्तातलं औषधाचं प्रमाण बदलतं. कुणीतरी असंही सांगेल की ही गोळी पुढे बंद करता येते. काही जणांची करतात, हे खरंय, पण अनेक वर्षं आकडा अगदी तळाला राहिल्यावर, डॉक्टरांच्या नजरेखाली, महिन्या-महिन्याला टेस्ट करत.

(तरुण वाचकांपैकी कुणी स्वतः ही गोळी घेत असेल, कारण आपल्याकडे सीएमएलचे पेशंट पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच तरुण असतात, तर बायकांनी दिवस राहायच्या आधी डॉक्टरांशी बोलायचं, गरोदरपणात ही गोळी चालत नाही.)

राहिलं लग्न. काकांचा सल्ला मला पटत नाही, पण तू ज्या सुरात विचारतेस तोही नाही पटत, जणू काही गुन्हा कबूल करायचाय. तुझ्या वडिलांना आजार आहे, तुझ्यात दोष आहे असं नाही. बाबांना हार्टचा त्रास असता, बायपास झाली असती तर लपवलं असतंस का? आणि लपवून राहतं का ते, लग्नानंतर दर तीन महिन्यांनी तू बाबांना घेऊन हॉस्पिटलला जाणार, तेव्हा काय सांगणार सासरी? पण त्याच्या आधी एक गोष्ट, बाबांना विचारलंय का कुणी? आत्या, काका, आई, तू, सगळ्यांची मतं पत्रात आहेत, ज्याचा आजार त्याचंच मत नाही. रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला गेला असं लिहिलंयस, तो तर मला अजिबात आवडला नाही. बाबांना विचार, बाबा मी त्याला सांगू ना? मला वाटतं ते हो म्हणतील. नाही म्हणाले तर का म्हणतायत ते ऐकून घे, बहुतेक तुझं लग्न मोडेल हीच धास्ती असणार, आणि मग वर लिहिलेलं सगळं त्यांना वाचून दाखव.

मग होणाऱ्या नवऱ्याला एकट्याला भेट, ठाण्याला तलावपाळीवर, नाहीतर ऑफिस सुटल्यावर कुठे पण, फोनवर नको. लांबण लावू नकोस. "बाबांना सीएमएल आहे, ब्लड कॅन्सरचाच प्रकार, पण रोजच्या गोळीने आटोक्यात राहणारा. तो आनुवंशिक नाही, मला किंवा आपल्या मुलांना त्यातून काही नाही. मला दर तीन महिन्यांनी बाबांसोबत जावं लागेल, ते मी लग्नानंतरही करणार आहे." झालं. शेवटचं वाक्य गाळू नकोस, तुझ्या संसारावर खरा परिणाम त्याचाच होणार आहे, क्रोमोसोमचा नाही. त्याच्या आईला शंका असेल, असणारच, तर त्याला म्हण, पुढच्या ओपीडीला तू पण चल आणि डॉक्टरांना स्वतः विचार. डॉक्टरच्या तोंडून पाच मिनिटांत जे पटतं ते तुझ्या तोंडून पाच दिवसांत पटायचं नाही. एवढं करून ते लोक नाही म्हणाले तर फार वाईट वाटेल, मी खोटं कशाला सांगू, पण तेच दोन वर्षांनी कळून रोजचे टोमणे ऐकण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

आत्याने त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायचं काढलंय, त्याला आई तयार आहे आणि तू वैतागलीयेस. त्यावरून भांडू नकोस, आईला त्याने धीर येत असेल तर जाऊ दे. फक्त विधी तीन दिवसांचा असतो, तेव्हा गोळ्यांचं पाकीट आईच्या पर्समध्ये, दोन दिवसांच्या जास्तीच्या गोळ्यांसकट, आणि ठरवायच्या आधी कॅलेंडरवर पीसीआरची तारीख बघून घ्या.